फुली दिसेनाशी होईपर्यंत

नारीनच्या शाळेत रसायनाची खोली उत्तरेला होती
आणि जानेवारीत तिथला नळ बोलत नसे.
पाणी आम्ही बादलीने आणायचो, वरचा पापुद्रा फोडून.
कोळशाची शेगडी एकच. तिच्याजवळचं बाक
मार्क पाहून नाही, खोकला पाहून मिळायचं.

अनारकुल एजे (बाईंना आम्ही एजेच म्हणतो, थोरली बहीण)
त्या दिवशी घरून पत्र्याचा डबा घेऊन आल्या.
झाकण निघेना. सिइमिकने नाण्याच्या कडेने उचकटलं.
आत खडीसाखरेसारखे खडे.
"तोंडात टाकू नका. हायपो आहे, फोटो धुवायचा."
त्यांच्या नवऱ्याचा स्टुडिओ बाजारात होता, घड्याळजीला लागून.
निम्म्या गावाची लग्नं
या डब्यातून पक्की होऊन निघाली होती.

कागदावर पेन्सिलीने फुली.
फुलीवर चंबू, चंबूत हायपोचं पाणी,
वरून आम्ल, मोजून पाच मिली,
आणि घड्याळ सुरू:
सिइमिकच्या काकांचं, शर्यतीचं,
ज्याने आजवर फक्त घोडे मोजले होते.

आधी काहीच होत नाही.
इतकं काहीच नाही की मागच्या बाकावर कुणीतरी जांभई देतं.
मग तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी
तळाशी नाही, वर नाही, सगळीकडून एकदम,
पिवळट,
आणि विझलेल्या काडीचा वास.
फुली आधी कडांनी जाते.

खिडकीतला चंबू, सहा अंश: दोनशे अठरा सेकंद.
तळहातांत धरून ऊब दिलेला, सोळा: एकशे सात.
शेगडीवरून उतरवलेला, छत्तीस:
सव्वीस, की सत्तावीस, यावरून भांडण.
निम्मं पाणी घालून पातळ केलेल्याला
दुपटीच्या आसपास. बरोब्बर दुप्पट कुणाचंच आलं नाही.

"थंडीत असं का रेंगाळतं?"
एर्किनाय मेंढपाळाची, तिने हात वर न करता सांगितलं:
"मेंढ्या गारठल्या की नुसत्या उभ्या राहतात.
ऊन चढलं की मेंढे भिडतात."
"आणि भिडले की शिंग मोडतंच?"
"छे. धडका दिवसभर चालतात.
मोडतं ते एखाद्याच धडकेत. जोराच्या."
एजेंनी फळ्यावरचं अर्धं वाक्य पुसलं
आणि मेंढा काढला. वाईट काढला.

मग म्हणाल्या, आकड्यापुढे नावही लिहा,
बघत कोण होतं त्याचं.
सिइमिकला फुली लवकर दिसेनाशी व्हायची, त्याला घरी जायचं असे.
मला उशिरा, मी पापणी लवू द्यायचे नाही.
पुस्तकात तापमान होतं, तीव्रता होती,
डोळे नव्हते.

शेवटचा चंबू पुन्हा खिडकीतला, सहा अंशांचा.
बघणार स्वतः एजे.
दोनशे वीस. आम्हाला काही दिसत नव्हतं.
दोनशे साठ. चंबू सायीसारखा.
"थांबवू?" सिइमिकने विचारलं.
"अजून आहे," त्या म्हणाल्या.
तीनशेला कुणीतरी खुदकन हसलं
आणि लगेच गप्प झालं.
शेगडीत कोळसा सरकला.
बर्फाखालून नदी जाते त्याचा आवाज
त्या खोलीत ऐकू येतो हे मला
तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तीनशे एक्केचाळीस.
त्यांनी स्वतःच घड्याळ दाबलं. मी लिहून घेतलं:
सहा अंश, तीनशे एक्केचाळीस, अनारकुल ओसमोनोवा.
आलेखावर हा ठिपका कुठल्याच रेषेत बसेना.
"खोडू?"
"नको. बाजूला राहू दे."

चंबू उचलून त्यांनी बादलीत रिकामा केला.
खाली कागदावर फुली होती तशीच,
कोरडी, जराही फिकट नाही.
डब्यात तिसरा हिस्सा उरला होता.
त्यांनी झाकण लावलं, तळव्याने दाबलं,
मग बाकावर ठेवून कोपराने, अंगाचा भार देऊन,
आणि म्हणाल्या, खिडकी उघडा रे,
वास कोंडलाय.